बेरजेआधी ओळी मोजा: एसक्यूएलमधील जॉइन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

नाशिक जिल्ह्यात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, पिंपळगाव-लासलगावच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांत किंवा द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये डेटाच्या कामावर रुजू होणाऱ्या मुलामुलींना एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला माहिती विचारण्याच्या भाषेच्या, आज्ञा बहुधा पाठ असतात. इनर जॉइन (दोन टेबलांतील जुळणाऱ्याच ओळी जोडणे) म्हणजे काय, लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलातील सगळ्या ओळी ठेवून जोडणे) म्हणजे काय, ग्रुप बाय (ओळींचे गट करणे) कोठे लिहायचे, हे मुलाखतीत विचारले तर उत्तर लगेच येते. अडचण सुरू होते ती कामावर आल्यावर, कारण दोन-तीन टेबले जोडून केलेली बेरीज चुकली तरी डेटाबेस कसलीच तक्रार करत नाही. व्याकरण चुकले तर क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) थांबते. अर्थ चुकला तर मात्र नीटनेटका आकडा समोर येतो आणि तो तसाच मालकाच्या टेबलावर जातो. शेतमालाच्या खरेदीच्या नोंदींवर काम करताना आणि नव्या सहकाऱ्यांना शिकवताना माझे एक मत पक्के झाले आहे. जॉइन लिहिण्यापूर्वी ‘निकालातील एक ओळ म्हणजे नेमके काय’ हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे, आणि ते सांगता येत नसेल तर बेरजेला हात लावू नये.

कांद्याच्या खरेदीचेच उदाहरण घेऊ, कारण या जिल्ह्यात ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ट्रॅक्टर लिलावात उभा राहतो, दर पुकारला जातो, माल तोलला जातो आणि शेतकऱ्याच्या नावे हिशेबपट्टी तयार होते. डेटाबेसमध्ये ही माहिती एका जागी नसते. शेतकऱ्यांचे एक टेबल, गावांचे एक, पट्ट्यांचे एक, हमाली-तोलाई-वाराई अशा कपातींचे वेगळे आणि शेतकऱ्याला दिलेल्या पेमेंटचे आणखी वेगळे. ही विभागणी विनाकारण नाही. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीचे हेच सूत्र आहे: प्रत्येक गोष्ट एकदाच लिहावी आणि लागेल तेव्हा क्रमांकावरून जोडावी. शेतकऱ्याचा मोबाइल बदलला तर तो एका ठिकाणी बदलला की पुरे. जोडण्याची जबाबदारी मात्र त्यामुळे क्वेरी लिहिणाऱ्याकडे येते.

आता एकच पट्टी डोळ्यांसमोर ठेवा. २२ क्विंटल कांदा, दर १,५०० रुपये, म्हणजे एकूण रक्कम ३३,००० रुपये. कपातीच्या ओळी तीन: हमाली १८०, तोलाई १२०, वाराई १००, एकूण ४००. शेतकऱ्याला देणे ३२,६०० रुपये आणि ते १६,३०० रुपयांच्या दोन हप्त्यांत दिलेले. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण रचना नेहमीचीच आहे. नवा माणूस पट्टीला कपाती जोडतो, त्याच जॉइनला पुढे पेमेंट जोडतो आणि तिन्ही रकमांची बेरीज एकदम मागतो. पट्टीची एक ओळ तीन कपातींमुळे तीन ओळींची होते आणि त्या प्रत्येक ओळीला दोन पेमेंट भेटतात, म्हणून बेरजेच्या वेळी हातात सहा ओळी असतात. परिणामी ३३,००० ऐवजी १,९८,००० रुपये दिसतात, कपात ४०० ऐवजी ८०० होते आणि पेमेंट ३२,६०० ऐवजी ९७,८००. तिन्ही आकडे वेगवेगळ्या पटीने फुगलेले असतात, त्यामुळे शेवटी दोनाने किंवा तिनाने भागून ते दुरुस्त करण्याचा मार्गही उरत नाही, कारण दुसऱ्या पट्टीवर कपाती चार आणि पेमेंट एकच असू शकते.

येथे अनेकांना ‘सम डिस्टिंक्ट’ आठवते, म्हणजे बेरीज (सम) करताना एकसारख्या रकमा एकदाच धरायच्या. हा उपाय करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. वरच्याच उदाहरणात दोन्ही हप्ते १६,३०० रुपयांचे आहेत. डिस्टिंक्ट लावताच त्यातील एक गळून पडतो आणि शेतकऱ्याला अर्धीच रक्कम दिल्याचे दिसते. सारखी रक्कम म्हणजे तीच नोंद असे नसते. योग्य मार्ग असा की कपातींची बेरीज आधी स्वतंत्रपणे, पट्टी क्रमांकानुसार गट करून करावी. पेमेंटची तशीच वेगळी करावी. आणि एका पट्टीला एकच ओळ अशा अवस्थेत आलेले हे दोन निकाल मग पट्ट्यांच्या टेबलाला लेफ्ट जॉइनने जोडावेत. ‘विथ’ वापरून हे टप्पे नाव देऊन लिहिता येतात आणि वाचणाऱ्याला ते वरून खाली समजत जातात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही सोय २००९ पासून आहे, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ती ८.० आवृत्तीत आली. त्यापेक्षा जुना सर्व्हर असेल तर तेच काम कंसातल्या उपक्वेरीने होते. ज्या पट्टीचे पेमेंट अजून झालेलेच नाही तिच्यासमोर नल (मूल्यच नसलेली रिकामी जागा) येईल, आणि देण्यातून नल वजा केला तर उत्तरही नलच येते, म्हणून तेथे कोअलेस लावून शून्य धरावे.

वाणिज्य शाखेतून आलेल्यांना मी सांगतो की ग्रुप बाय म्हणजे कीर्दीतल्या नोंदी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडणे, आणि एकच नोंद दोन खात्यांवर दोनदा गेली तर ताळा जुळणार नाही, हे त्यांना लगेच उमगते. आमच्याकडचे वयाने ज्येष्ठ हिशेबनीस संगणकावरचा कोणताही अहवाल हाती आला की रकमेकडे बघतच नाहीत. मागच्या हंगामात निफाडकडची एक नवी मुलगी आठवड्याचा अहवाल घेऊन त्यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “बाळ, यात पट्ट्या किती आहेत?” तिने रक्कम सांगितली. “रक्कम नंतर सांग. पट्टीपुस्तकात या आठवड्याच्या पट्ट्या किती फाटल्या ते मला माहीत आहे, तुझ्याकडे किती आल्या ते बघ.” तिने ग्रुप बाय काढून नुसत्या ओळी मोजल्या, त्या पट्ट्यांच्या दुपटीहून अधिक निघाल्या आणि कोठे पाहायचे ते तिला कोणी सांगावे लागले नाही. ही तपासणी मी प्रत्येक नवख्याला पहिल्याच दिवशी शिकवतो: मूळ टेबलातील ओळी मोजा, एक जॉइन जोडा, पुन्हा मोजा, मग पुढचा जोडा. संख्या वाढली तर ती का वाढली, घटली तर कोण गळाले, याचे उत्तर मिळाल्याशिवाय सम लिहायचे नाही.

गळण्याचा प्रकार तालुकावार अहवालात हमखास दिसतो. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत, तेव्हा जानेवारीतील तालुकावार कांदा आवक मागितली तर अहवालात १५ ओळी दिसायला हव्यात. सुरगाणा-पेठसारख्या भात-नागलीच्या तालुक्यांतून काही आले नसेल तर त्यांच्यासमोर शून्य हवे. त्यासाठी तालुक्यांच्या टेबलापासून लेफ्ट जॉइन घेतला जातो, येथपर्यंत ठीक असते. मग तारखेची अट व्हेअरमध्ये (ओळी गाळण्याच्या अटींच्या भागात) लिहिली जाते आणि रिकामे तालुके निमूटपणे नाहीसे होतात, कारण त्यांच्या ओळीत तारीख नल असते आणि नल कोणत्याही तारखेच्या अटीत बसत नाही. लेफ्ट जॉइन लिहूनही वागणूक इनर जॉइनची मिळते. जोडल्या जाणाऱ्या टेबलावरची अट ऑनमध्ये (जॉइनच्या स्वतःच्या अटीत) लिहिली की १५ ओळी परत येतात. तेथेच आणखी एक बारकावा आहे. काउंट(*), म्हणजे ‘सगळ्या ओळी मोज’, असे लिहिले तर आवक नसलेल्या तालुक्यासमोरही १ येतो, कारण ओळ तर आहेच. पट्टी क्रमांकाचा कॉलम मोजला तरच ० येतो. आणि एवढे सगळे बरोबर करूनही तालुक्यांची बेरीज एकूण आवकेशी जुळेलच असे नाही, कारण वैजापूर किंवा कोपरगावकडचा शेतकरीही आपला कांदा इकडच्या बाजारात आणतो आणि जिल्ह्याच्या तालुक्यांच्या यादीत तो बसत नाही. ‘जिल्ह्याबाहेरील’ अशी सोळावी ओळ मुद्दाम ठेवावी, म्हणजे आकडा पूर्ण होतो.

टेबले नावांवर जोडण्याचा मोह टाळावा. नाशिकजवळच पिंपळगाव बहुला आहे, पिंपळगाव खांब आहे आणि निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंत आहे. नोंद करणाऱ्याने घाईत नुसते ‘पिंपळगाव’ लिहिले तर जॉइनला ते ओळखता येणार नाही. शिवाय देवनागरीत ‘गाव’ आणि अनुस्वार दिलेले ‘गांव’ माणसाला एकच वाटतात, डेटाबेसला ती दोन वेगळी नावे आहेत. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही असाच घोळ करते. २०११ च्या जनगणनेत गावांना दिलेला सहा अंकी संकेतांक किंवा आपल्या प्रणालीतील गाव क्रमांक वापरावा. तो क्रमांक खरोखर एकमेव आहे का, हेही एकदा पाहून घ्यावे: ‘सिलेक्ट गाव_क्र, काउंट(*) फ्रॉम गावे ग्रुप बाय गाव_क्र हॅविंग काउंट(*) > १’ ही एकाहून अधिक वेळा आलेले क्रमांक शोधणारी क्वेरी रिकामी परतली पाहिजे. तिने एक जरी ओळ दिली तरी त्या गावातील प्रत्येक शेतकऱ्याची आवक निदान दुप्पट धरली जाणार आहे.

सरासरीविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण बाजारातला माणूस ही चूक चटकन पकडतो आणि मग बाकीच्या अहवालावरचाही त्याचा विश्वास उडतो. ५ क्विंटल २,००० रुपयांनी आणि २५ क्विंटल १,४०० रुपयांनी घेतले, तर दराच्या कॉलमवर एव्हीजी लावून १,७०० येतात. प्रत्यक्षात ३० क्विंटलसाठी ४५,००० रुपये गेले, म्हणजे दर १,५०० पडला. रकमेची बेरीज भागिले वजनाची बेरीज, हाच खरेदीचा खरा सरासरी दर होय. रोजच्या सरासऱ्या काढून महिन्याअखेर त्यांची पुन्हा सरासरी काढणे हीदेखील तीच चूक. बाजार समित्यांच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात. त्यातील सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाला बहुतांश माल गेला तो भाव, गणिती सरासरी नव्हे. आपली सरासरी त्याच्याशी तंतोतंत जुळावी अशी अपेक्षा ठेवू नये आणि निरनिराळ्या बाजारांचे सर्वसाधारण दर एकत्र करून जिल्ह्याचा दर काढू नये.

जुन्या कार्यालयांत गेलात तर फ्रॉमनंतर स्वल्पविराम देऊन टेबले लिहिलेली आणि जोडण्याच्या अटी खाली व्हेअरमध्ये घातलेली क्वेरी भेटेल. जॉइनची आजची स्पष्ट लेखनपद्धत १९९२ च्या मानकात आली, त्यापूर्वीची ही रीत आहे. ती वाचता आलीच पाहिजे, पण स्वतः लिहू नये. त्यात एक अट राहून गेली की प्रत्येक ओळ दुसऱ्या टेबलातील प्रत्येक ओळीशी जोडली जाते. मायएसक्यूएलच्या ५.७ पूर्वीच्या सर्व्हरवर आणखी एक सावधगिरी हवी: ग्रुप बायमध्ये नसलेला कॉलम सिलेक्टमध्ये मागितला तरी तेथे सर्व्हरची मूळ सेटिंग बदललेली नसेल तर त्रुटी येत नाही, गटातील कोणत्यातरी एका ओळीचे मूल्य मिळते.

जॉइन शिकवताना दोन वर्तुळांची आकृती सर्रास काढली जाते. मला ती अपुरी वाटते. कोण राहिला आणि कोण गळाला एवढे ती दाखवते, ओळी वाढतात हे ती दाखवतच नाही, आणि कामावरचा निम्मा त्रास नेमका तेथूनच येतो. त्याऐवजी कागदावर दोन पट्ट्या, पाच कपाती आणि तीन पेमेंट लिहून जॉइनचा निकाल हाताने मांडावा.

सरावासाठी एसक्यूलाइट किंवा पोस्टग्रेस विनामूल्य मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. वर सांगितलेली पाच टेबले स्वतः तयार करा, त्यांत तालुक्यांचे सहावे घाला आणि ओळी मुद्दाम अडचणीच्या भरा: पेमेंट न झालेली पट्टी, समान रकमेचे दोन हप्ते, आवक नसलेला तालुका, जिल्ह्याबाहेरचा शेतकरी, ‘गाव’ आणि ‘गांव’ अशी दोन्ही रूपे. मग तालुकावार वजन, रक्कम, खरा सरासरी दर आणि बाकी देणे असा एक अहवाल काढा आणि त्यातील प्रत्येक बेरीज त्या त्या मूळ टेबलावर एकटी चालवून ताडून पाहा. मुलाखतीला जाताना हाच अहवाल सोबत न्या आणि तो दाखवताना त्यातील एक ओळ कशाची आहे, हे विचारण्याची वाट न पाहता आधी सांगा.