आईची डेक्सा करायचीय? जायच्या आधी काय बघायचं आणि रिपोर्ट कसा वाचायचा

घरात पासष्टीच्या पुढची बाई असेल, किंवा कुणाची पाळी फार लवकर गेली असेल, किंवा दम्यासाठी नाहीतर संधिवातासाठी तीन महिन्यांच्या वर स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना डेक्सा स्कॅनबद्दल, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीबद्दल, स्वतःहून विचारा. सोसायटीत फुकट शिबिर लागतं, टाच मशीनमध्ये ठेवून आकडा सांगतात, ती बहुतेकदा टाचेची अल्ट्रासाउंड असते. त्या आकड्यावर औषध चालू करू नका आणि आकडा चांगला आला म्हणून निश्चिंतही राहू नका, दोन्हींची पट्टी वेगळी आहे. साध्या एक्स-रेचंही तसंच, फ्रॅक्चर दिसतं पण हाड बरंच झिजल्याशिवाय झीज दिसत नाही.

अपॉइंटमेंट घेतानाच विचारायचं, कंबरेचे मणके आणि खुबा दोन्ही करता ना? फक्त एकच करत असतील तर दुसरं सेंटर बघा. कॅल्शियमची गोळी २४ तास आधी बंद, कारण न विरघळलेली गोळी पोटात मणक्याच्या समोर आली तर फोटोत हाडात मिसळते. नुकताच बेरियम (एक्स-रेसाठी प्यायला देतात ते पांढरं औषध) किंवा कॉन्ट्रास्टवाला, म्हणजे डाय देऊन केलेला, सीटी झाला असेल तर सांगा, ते पुढची तारीख देतात. साडीच्या पिना, हुक, लांब मंगळसूत्र काढून ठेवायचं. खुब्यात रॉड किंवा बॉल बसवलेला असेल तर दुसरी बाजू करतात.

आईला आधी समजावून सांगा की सुई नाही, बोगद्यात जायचं नाही, उघड्या टेबलावर दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं आणि रेडिएशन अगदी किरकोळ असतं. खुब्याच्या वेळी पाऊल आत वळवून पट्ट्याने बांधतात, गुडघे दुखत असतील तर तेव्हा त्रास होतो म्हणून टेक्निशियनला आधीच सांगून ठेवा.

आता रिपोर्ट. टी-स्कोअर म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या हाडाच्या तुलनेत आपलं हाड कुठे आहे तो आकडा. टी-स्कोअर -१ किंवा त्याच्या वर असेल तर नॉर्मल, -१ आणि -२.५ च्या मधे ऑस्टिओपेनिया (हाड थोडं विरळ), -२.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस (हाड ठिसूळ). हे पाळी गेलेल्या बायका आणि पन्नाशीच्या पुढचे पुरुष यांच्यासाठी, त्याहून तरुण माणसाचा झेड-स्कोअर, म्हणजे त्याच्याच वयाच्या लोकांशी केलेली तुलना, बघतात. मणके, पूर्ण खुबा आणि खुब्याची मान (मांडीच्या हाडाच्या बॉलखालचा अरुंद भाग) यातला सगळ्यात खालचा आकडा धरायचा, सरासरी काढायची नाही.

आणि इथेच लोक फसतात. कंबरेच्या मणक्यांना वरून खाली एल१ ते एल४ म्हणतात. माझ्या आईच्या रिपोर्टमध्ये एल१ -२.१, एल२ -१.९, पण एल३ -०.४ आणि एल४ चक्क +०.६, म्हणजे वरवर बघितलं तर कंबर ठीकच वाटते, पण फोटोत खालच्या दोन मणक्यांच्या कडा पांढऱ्या जाड दिसत होत्या, वयामुळे हाड वाढलेलं, आणि खुब्याची मान -२.७. दबलेला मणकासुद्धा असाच खोटा चांगला आकडा देतो. शेजारच्या मणक्यापेक्षा एखाद्याचा टी-स्कोअर १ पेक्षा जास्त वेगळा असेल तर तो मणका सोडून बाकीच्यांचा हिशोब धरतात. म्हणून प्रत्येक मणक्याचा आकडा आणि फोटो असलेलं पान मागून घ्याच, नुसतं निष्कर्षाचं पान घेऊन घरी येऊ नका.

बाथरूममध्ये नुसतं घसरून खुबा मोडला असेल तर टी-स्कोअर काहीही असो, ते हाड ठिसूळ आहे असंच धरून उपचार लागतात, नुसतं ऑपरेशन करून घरी पाठवलं तर हाडांच्या औषधाचं तुम्ही विचारा. उंची ४ सेंटीमीटर किंवा जास्त कमी झाली असेल, पाठीत बाक आला असेल तर पाठीचा बाजूने (लॅटरल) एक्स-रे काढायला सांगा, मणका न दुखताही दबतो.

औषध चालू व्हायच्या आधी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी), थायरॉइड हे रक्तातलं बघून घ्यायला सांगा. पुढची डेक्सा डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण एक-दोन वर्षांनी, पण त्याच सेंटरला त्याच मशीनवर, नाहीतर फरक हाडातला आहे की मशीनमधला ते कुणालाच सांगता येत नाही.