लेकराला जनरल करायचंय? मग दहावीतच कामाला लागा

लष्करात डायरेक्ट जनरल कुणीच होत नसतं, आधी लेफ्टनंट व्हावं लागतं. आपल्या मराठवाड्यातल्या पोरांसाठी बेस्ट रस्ता म्हणजे संभाजीनगरची एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट), १९७७ पासून चालू असलेली राज्य सरकारची संस्था, दहावीच्या वर्षातच तिची परीक्षा द्यायची अन् अकरावी-बारावी तिथं राहून एनडीएची (नॅशनल डिफेन्स अ‍ॅकॅडमी, बारावीनंतर अधिकारी घडवणारी संस्था) तयारी करायची. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे.

एनडीएचा लेखी पेपर यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. गणित ३०० मार्क, जनरल अ‍ॅबिलिटी ६००, निगेटिव्ह मार्किंग आहे त्यामुळं उगं ठोकत बसू नका.

खरी गाळणी एसएसबीत, म्हणजे लेखी पास झालेल्यांच्या मुलाखत-चाचण्यांत लागते, तीबी ९०० मार्कांची, पाच दिवस. त्यात ६० शब्द दाखवतात, एकेकाला १५ सेकंद, तेवढ्यात वाक्य लिहायचं, क्लासवाल्यांची पाठ केलेली वाक्यं तिथं लगेच उघडी पडतात. घरी मोबाईलवर टायमर लावून रोज लिहा, अन् गावात चार लोकांत बोलायला शिका, इंग्रजी थोडी अडखळली तरी चालतं.

पुढं एनडीए ३ वर्षं, आयएमए (देहरादूनची इंडियन मिलिटरी अ‍ॅकॅडमी) १ वर्ष. लेफ्टनंट कर्नलपर्यंत नोकरीच्या वर्षांवर प्रमोशन मिळतं, तेबी १३ वर्षं लागतात बरं का, पण कर्नलपासून सिलेक्शन बोर्ड बसतं अन् तिथंच बरेच जण थांबतात. त्यावर ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल. फुल जनरल म्हणजे बहुतेक वेळा लष्करप्रमुख, मराठी माणसांत अरुणकुमार वैद्य अन् मनोज नरवणे तिथवर पोचले. वैद्यांना तर महावीर चक्र दोनदा मिळालं, १९६५ अन् १९७१ च्या लढाईत.