अरीथा फ्रँकलिनचं गाणं गळ्यात उतरवायचं तर: खान्देशातल्या घरात करायचा रियाज

अरीथा ही अमेरिकेची सोल गायिका. ती आवडते म्हणून तिचं गाणं घ्यायचं आणि पहिल्याच ओळीपासून तिच्या हरकती, म्हणजे सुरांची झटपट वळणं, मारायला लागायचं, इथेच बहुतेकांचं बिनसतं. हरकती सगळ्यात शेवटी. आधी शिकायचं ते दुसऱ्याचं गाणं आपलं कसं करून घ्यायचं, हे.

त्यासाठी ‘रिस्पेक्ट’ घ्या. मुळात हे गाणं ओटिस रेडिंग या गायकाचं, 1965 चं. त्यात पुरुष म्हणतो, घरी आल्यावर मला मान द्या. अरीथाने 1967 मध्ये तीच मागणी बाईच्या तोंडी दिली, त्या शब्दाची इंग्रजी अक्षरं एकेक करून म्हणण्याचा तुकडा नव्याने घातला आणि मागे बहिणींचा कोरस उभा केला. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका. वहीत तीन रकाने आखा: चाल कुठे तशीच ठेवली, कुठे बदलली, कोरस कुठे शिरतो. पहिल्या दिवशी एवढंच. तोंड उघडायचं नाही.

नंतर पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा मानून गायचं तो. तिची पट्टी पांढरी एक (इंग्रजीत C), पण ती तुमची असेलच असं नाही. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर नुसत्या ‘आ’वर दहा वेळा लावून पाहा. हनुवटी वर जात असेल किंवा मानेच्या शिरा दिसत असतील, तर पट्टी एक-दोन स्वर खाली घ्या. तिचा आवाज मोठा वाटतो तो पोटातून सुटणाऱ्या श्वासामुळे. घशाने ओरडून तसा आवाज काढायला गेलात तर दोन दिवसांत घसा बसेल.

आता ताल. भजनाची सवय असलेल्यांना हा भाग सगळ्यात जड जातो, कारण आपली टाळी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पडते. सोल म्हणजे अरीथा गाते त्या प्रकारच्या संगीतात चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी ठसठशीत असते. आठ मात्रांच्या केरव्यात मोजायचं तर तिसरी आणि सातवी. चारच मात्रा मोजत पाय 1 आणि 3 वर टेकवा, टाळी 2 आणि 4 वर द्या. गाणं न म्हणता पाच मिनिटं नुसतं हेच करा, मग शब्द जोडा. दुसऱ्या ओळीला टाळी गुपचूप समेवर सरकते. तसं झालं की पुढे रेटू नका. शब्द सोडून पुन्हा नुसत्या टाळीवर या.

सुरांसाठी आपल्याकडे आयती शिडी आहे. सा, कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे धानी रागाचे सूर. यातून ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांचा रंग येतो. भूप रागाचे सा रे ग प ध घेतले की चर्चमधल्या गॉस्पेलचा, म्हणजे भक्तिगीतांचा उजेड. अरीथाचे वडील डेट्रॉइटमध्ये धर्मोपदेशक होते, ती लहानपणी तिथल्या चर्चमध्येच गायची, त्यामुळे तिच्या गळ्यात दोन्ही रंग मिसळलेले आहेत. मात्र धानी लांब मींड घेऊन, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गायलात तर तो रागच वाटेल. इथे सूर खालून चटकन उचलायचा आणि तितक्याच चटकन सोडायचा. गंधार तर कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो. पेटीवर तो सापडत नाही, म्हणून या भागापुरती पेटी बंद ठेवून तानपुऱ्याच्या अॅपवर गा.

एरवी पेटी स्वतःच वाजवा. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत काही वर्षं काढून अरीथा अटलांटिक या दुसऱ्या कंपनीकडे गेली, तेव्हा 1967 मध्ये तिला स्वतःलाच पियानोवर बसवून गाऊन घेतलं, आणि तिथून तिची गाणी गाजली. आपल्या हाताने साथ केली की कुठे थांबायचं ते आपणच ठरवतो.

कोरससाठी फार शोधाशोध नको. कानबाईची किंवा गुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या दोघी-तिघी सोबत घ्या. ओळ झेलायची सवय त्यांना असतेच. फक्त एवढं सांगा की उत्तर छोटं हवं, दोन-तीन शब्दांचं, आणि मुख्य गाणारीची ओळ पुरी व्हायच्या आतच ते सुरू झालं तरी चालेल. भजनात आपण ओळ संपायची वाट पाहतो, ती इथे पाहायची नाही.

हे जमलं की बहिणाबाईंची एखादी ओवी घ्या. आठ अक्षरं चार मात्रांत, मात्रेला दोन, बरोबर बसतात. पहिलं अक्षर समेवर न टाकता अर्धी मात्रा उशिरा घ्या, शेवटचं अक्षर पुढच्या ओळीत ओढा. शब्द मात्र बदलू नका.

घशाचं इथलं गणित वेगळं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा रियाज सूर्य वर यायच्या आत उरका. कापूस जिनिंगच्या दिवसांत खिडकी लावून बसा. आदल्या रात्री उशिरा झणझणीत शेवभाजी किंवा भरीत झालं, तर आम्लपित्ताने सकाळी घसा जड असतो. त्या दिवशी वरचे सूर टाळा. जोर लावून गायचा भाग वीस मिनिटांच्या वर नको, आणि मधे माठातलं साधं पाणी. आवाजाचा खरखरीतपणा दोन-तीन आठवडे उतरला नाही, तर हळद-दुधावर वेळ न घालवता कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा.