लहानग्याचा थंड डबा
बहुतेकदा गडबड इथेच होते: पदार्थ कोमट असतानाच झाकण लावलं जातं. आत वाफ धरते, झाकणाखाली थेंब जमतात आणि फोडी चिकट होतात. त्यापेक्षा डबा रात्रीच भरून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी थेट इन्सुलेटेड पिशवीत. गोठवलेला आइस पॅक डब्याच्या वर ठेवा, कारण गार हवा खाली उतरते. दही, अंडं, चीज असलं काही पॅकशिवाय 2 तासांपेक्षा जास्त बाहेर नको. पारा 32 अंशांच्या वर असेल तर तासभरच. द्राक्षं मात्र उभी चिरून चार फोडी कराच (कंटाळवाणं काम आहे, पण अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं). झाकण पिल्लाला उघडता येतंय ना, तेही घरीच बघा.