रोम शिकायचं तर आधी भिंत वाचा

रोमन वास्तुकला शिकायला आलेले बहुतेकजण पहिल्याच दिवशी कोलोसियमच्या रांगेत लागतात. त्याऐवजी रोमजवळचं प्राचीन बंदर-शहर ऑस्टिया आंतिका गाठा. पिरामिदे मेट्रोशेजारच्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून लोकलने साधारण अर्धा तास लागतो. सोमवारी मात्र बंद. गिलावा केव्हाच गळून गेल्याने इथे भिंती आतून-बाहेरून उघड्या आहेत. सावली कमी, त्यामुळे जुलै-ऑगस्ट टाळलेलाच बरा.

भार पेलतं ते आतलं काँक्रीट: चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडांचे तुकडे. दर्शनी भाग हा त्याचा साचा, आणि काळ ओळखायचा तो त्यावरून. टूफाचे, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडाचे, वेडेवाकडे तुकडे म्हणजे ओपस इन्सर्टम, मुख्यतः इ.स.पू. 2रं शतक. तिरक्या जाळीसारखे चौकोन म्हणजे रेटिक्युलाटम, ते इ.स.च्या 2ऱ्या शतकापर्यंत चाललं. सलग विटा दिसल्या तर साम्राज्याचा काळ धरा. वीट आणि दगडाचे थर आलटून-पालटून असतील तर बहुधा साम्राज्याचा उत्तरकाळ.

मेझरिंग टेप भिंतीला न टेकवता पाच विटा आणि पाच सांधे यांची एकत्र उंची मोजा. एकटी वीट मोजून उपयोग नाही, प्रत्येकीची जाडी वेगळी असते. हे माप एकाच भिंतीत अचानक बदललं तर तिथे दुरुस्ती किंवा नंतरचं बांधकाम असण्याची शक्यता मोठी. ऑस्टियात 1938 ते 1942 दरम्यान घाईने उत्खनन झालं, डागडुजीही भरपूर झाली. करड्या सिमेंटचे सांधे रोमन समजून वहीत उतरवू नका.

मग रोममधलं प्राचीन मंदिर पॅन्थिऑन. दर्शनी लेखात अग्रिप्पा या इ.स.पू. 1ल्या शतकातल्या सेनानीचं नाव आहे, पण विटांवरचे शिक्के इमारत सम्राट हेड्रियनच्या (इ.स. 117-138) काळाकडे नेतात. अर्थात शिक्का विटेचा काळ सांगतो. ती साठवून नंतरही वापरलेली असू शकते, म्हणून एका शिक्क्यावर विसंबू नये. 43.3 मीटर व्यासाचा घुमट आत पाहून झाला की बाहेरून फेरी मारा. विटांच्या भिंतीत दडलेल्या कमानी दिसतील; वरचा भार त्या जाड खांबांकडे वळवतात. इकडे फारसं कुणी फिरकत नाही.

शिल्पांसाठी कॉन्स्टंटाइनची कमान घ्या. तिरप्या उन्हात, दुर्बीण घेऊन जा. वरची गोल शिल्पं हेड्रियनच्या काळातली, त्यांच्याखालची अरुंद पट्टी मात्र 4थ्या शतकातली. दोन्हींमधली एकेक आकृती वहीत शेजारीशेजारी काढा: डोक्याचं शरीराशी प्रमाण, वस्त्राच्या चुण्या, ड्रिलने पाडलेल्या रेषा.