जंतुनाशक माउथवॉश वापरताना या चुका टाळा

हिरड्या सुजल्या किंवा ब्रश करताना रक्त येऊ लागले की दंतवैद्य अनेकदा काही दिवसांसाठी क्लोरहेक्झिडीनचे माउथवॉश लिहून देतात. रंगीत, सुवासिक द्रव म्हणून ते साधे वाटते. प्रत्यक्षात ते औषध आहे, आणि त्याविषयीच्या बऱ्याच तक्रारी हे विसरल्यामुळेच निर्माण होतात.

सर्रास होणारी चूक म्हणजे ब्रश केल्यावर लगेच माउथवॉश घेणे. क्लोरहेक्झिडीनचा रेणू धनभारित असल्यामुळे तो दातांना आणि तोंडातील अस्तराला चिकटून राहतो व पुढे कित्येक तास हळूहळू सुटत जंतूंची वाढ रोखतो. टूथपेस्टला फेस यावा म्हणून बहुधा घातले जाणारे सोडियम लॉरिल सल्फेट मात्र ऋणभारित असते. ही दोन्ही द्रव्ये एकत्र आली की परस्परांना बांधून टाकतात आणि औषधाचा परिणाम घटतो. म्हणून दोहोंमध्ये किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. तेवढा वेळ नसेल, तर माउथवॉश दिवसातील दुसऱ्याच वेळी घ्यावे. याच कारणाने ते थुंकल्यावर लगेच पाण्याने चूळ भरू नये. तोंडात उरणाऱ्या कडवटपणामुळे पाणी घ्यावेसे वाटते, हे खरे; पण त्या पाण्याबरोबर औषधही निघून जाते.

०.२ टक्के तीव्रतेच्या द्रावणाचे प्रमाण प्रौढांसाठी साधारणतः १० मिलिलिटर असते, आणि ते दिवसातून दोनदा सुमारे एक मिनिट तोंडात खुळखुळवून थुंकून टाकायचे असते. पाणी मिसळण्याची सूचना बाटलीवर किंवा चिठ्ठीत नसेल, तर आपल्या मनाने मिसळू नये. ते गिळायचे नसते, त्यामुळे ज्या लहान मुलांना नीट थुंकता येत नाही त्यांना ते देऊ नये.

बरे वाटले म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवणे ही दुसरी मोठी चूक. त्यामुळे दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते आणि दातांवर कीटण अधिक साचू शकते. चव सहसा औषध थांबवल्यावर पूर्ववत होते, पण दातांवरचे डाग ब्रशने निघाले नाहीत तर दंतवैद्याकडून पॉलिश करून घ्यावे लागतात. गुळणीनंतर लगेच चहा-कॉफी घेणे टाळल्यास डाग कमी पडतात.

रक्त येते म्हणून ब्रश करणे सोडून केवळ माउथवॉशवर विसंबणारी माणसे पाहिली की फार वाईट वाटते, कारण हिरड्यांच्या कडेला साचलेला जंतूंचा थर हेच त्या रक्तस्रावाचे नेहमीचे कारण असते. तो थर मऊ ब्रशने हळुवारपणे काढावाच लागतो. कडक झालेले कीटण कोणत्याही माउथवॉशने विरघळत नाही, आणि हिरडीखालच्या खोल खाचांपर्यंत गुळणी पोहोचतही नाही.

पोव्हिडोन आयोडीन या दुसऱ्या जंतुनाशकाच्या गुळण्या थायरॉइडचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि स्तनपान करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. तोंड कोरडे पडत असेल, तर अल्कोहोलविरहित प्रकार निवडावा. दात काढल्यानंतर पहिले २४ तास जोराने खुळखुळवू नये. जखमेवरची रक्ताची गुठळी त्याने निसटू शकते.

अंगावर पुरळ उठले, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर वापर थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे. तोंडातील व्रण दोन आठवड्यांत भरून आला नाही, तर बाटली बदलत बसण्याऐवजी दंतवैद्याला दाखवावे.