रेल्वेचे रेडिओ डिजिटल करताना या चुका टाळा

अमेरिकेत एका रेलरोडचे इंजिन दुसऱ्याच्या रुळांवर सर्रास धावते. म्हणून चालकाच्या केबिनमधल्या रेडिओला परक्या डिस्पॅचरशीही (गाड्यांची वाहतूक नियंत्रित करणाऱ्याशी) बोलता आले पाहिजे. ॲनालॉग एफएममध्ये त्यासाठी वारंवारता जुळली की बहुतेक काम व्हायचे. डिजिटलमध्ये तेवढ्यावर भागत नाही.

नुसते ‘डिजिटल’ पाहून संच घेणे

पी२५, डीएमआर आणि एनएक्सडीएन ही डिजिटल रेडिओची वेगवेगळी मानके आहेत, त्यांचे संच एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. रेलरोडांच्या एएआर या संघटनेने एनएक्सडीएन निवडले, तेही ६.२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलचे. फसगत होते ती इथे. एनएक्सडीएनचे दोन प्रकार आहेत: ६.२५ किलोहर्ट्झमध्ये सेकंदाला ४,८०० बिट आणि १२.५ मध्ये ९,६००. नाव एकच, पण एका प्रकारावर लावलेला संच दुसऱ्याचे बोलणे उलगडत नाही. खरेदीच्या कागदात रुंदी आणि बिटदर दोन्ही लिहून घ्या.

चॅनेल क्रमांक डोळे झाकून भरणे

एएआरचे मूळ चॅनेल १५ किलोहर्ट्झच्या अंतराने आहेत. ००७ म्हणजे १६०.२१५ मेगाहर्ट्झ, ०९७ म्हणजे १६१.५६५. मधल्या जागांना वेगळे क्रमांक आहेत. १०७ म्हणजे १६०.२२२५. ००७ ऐवजी १०७ भरला गेला तर ॲनालॉगवर निदान फाटका आवाज येऊ शकतो, ६.२५ च्या डिजिटलवर मात्र शुकशुकाट. प्रोग्रॅमिंग झाल्यावर क्रमांक नको, वारंवारता ताडून पाहा.

दिवा लागतो, आवाज नाही

संदेश आल्याचा दिवा लागूनही आवाज नसेल, तर आधी आरएएन, म्हणजे एनएक्सडीएन चॅनेलचा ओळख-आकडा पाहा. हा ० ते ६३ मधला आकडा दोन्हीकडे जुळावा लागतो. मग ग्रुप आयडी, म्हणजे बोलणाऱ्या गटाचा क्रमांक. दोन्ही बरोबर असून शब्द तुटत असतील तर सर्व्हिस मॉनिटर (रेडिओ तपासायचे उपकरण) लावून वारंवारतेची चूक मोजा. १६० मेगाहर्ट्झवर दशलक्षात २ भागांची चूक म्हणजे ३२० हर्ट्झ. ॲनालॉग ती खपवून घेतो, अरुंद डिजिटल सिग्नलमध्ये तिच्यामुळे बिट चुकू लागतात. इथे सिनाड (ॲनालॉग आवाजाच्या स्पष्टतेचे माप) मोजून उपयोग नाही, बिट एरर रेट (चुकलेल्या बिटांचे प्रमाण) मोजा.

ॲनालॉग घाईने काढून टाकणे

मिश्र मोडमधला संच दोन्ही ऐकतो, बोलतो मात्र एकातच. त्यामुळे चालकाला सगळे ऐकू येते आणि समोरच्या ॲनालॉग संचाला त्याचे उत्तर कळत नाही. शिवाय रुळांलगतचे, गाडीतले दोष ओळखणारे डिटेक्टर ॲनालॉग आवाजात बोलतात. म्हणून १२.५ किलोहर्ट्झचे ॲनालॉग चॅनेल संचातल्या स्वतंत्र झोनमध्ये (चॅनेलांच्या गटात) ठेवाच. तिथे डेव्हिएशन (आवाजामुळे वारंवारता किती हलते ते) कमाल २.५ किलोहर्ट्झ ठेवा. १ जानेवारी २०१३ पासून एफसीसीची (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाची) अरुंद पट्ट्याची अट लागू आहे. ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनवर राहिलेला जुना संच अरुंद रिसीव्हरमध्ये मोठा आणि फाटलेला ऐकू येतो.

गाडीच्या शेवटच्या डब्यावरच्या उपकरणाचा संपर्क तुटला किंवा पीटीसी (गरज पडल्यास गाडी आपोआप थांबवणारी सुरक्षा यंत्रणा) बंद पडले, तर दोष या संचात शोधू नका. पहिले सहसा ४५२ आणि ४५७ मेगाहर्ट्झवर चालते, दुसऱ्याचा रेडिओ २२० च्या पट्ट्यात असतो.